घरातील हौद आणि घरातील ओल
लोहा परिसरातील घरांच्या निमित्ताने

मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे टंचाईवर येऊन थांबते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु टंचाईच्या पोटी जन्माला आलेला आणखी एक प्रश्न घराघरांत मुकाट्याने वावरत असतो. त्याची नोंद कोणत्याही टंचाई आराखड्यात होत नाही. तो प्रश्न आहे घरातील ओलीचा. जेथे पाणी रोज मिळत नाही तेथे ते साठवावे लागते. जेथे साठवावे लागते तेथे ते घरात येते. आणि घरात आलेले उघडे पाणी स्वस्थ राहत नाही. ते हवेत जाते, हवेतून भिंतीत जाते, आणि अखेरीस कोपऱ्यात रचून ठेवलेल्या पोत्यांत शिरते.

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या मार्गावरील लोहा आणि त्याच्या आसपासची गावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने हवा कोरडी, आणि एप्रिल-मे महिन्यांतील दुपार तर अंगाची लाही करणारी. असे असूनही अनेक पक्क्या घरांत न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीचा गिलावा फुगलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि छताच्या कोपऱ्यात काळपट बुरशी धरलेली दिसते. कोरड्या मुलखातील घर ओलसर का राहावे, असा प्रश्न यातून उभा राहतो. त्याचे उत्तर आकाशात शोधण्यात अर्थ नाही. ते घरातच आहे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी पोहोचली तेव्हा दहा वाघिणींतून पाच लाख लीटर पाणी आले होते. ज्या प्रदेशाने असे दिवस पाहिले, तेथील गृहिणी घरात हौद, टाकी, पिंप आणि हंडे भरून ठेवते, यात तिला दोष देता येणार नाही. साठा हा तेथे संसाराचा आधार आहे. प्रश्न साठा करण्याचा नाही. तो उघडा ठेवण्याचा आणि चुकीच्या जागी ठेवण्याचा आहे.

हौद म्हणजे घरातला लहानसा तलाव

परदेशांतील काही संपन्न घरांत पोहण्याचा तलाव किंवा गरम पाण्याचे मोठे कुंड घराच्या छताखालीच बांधण्याची पद्धत आहे. असे घर बांधताना जाणकार अभियंता पाणी किती लागेल हे विचारण्याबरोबरच वाफ किती होईल हेही विचारतो. तलाव वापरात नसेल तेव्हा त्यावर आच्छादन घातले जाते, खोलीची हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंशांनी गरम राखली जाते आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता पन्नास ते साठ टक्क्यांच्या दरम्यान राहील अशी व्यवस्था असते. हे न केल्यास काही वर्षांतच तुळया कुजू लागतात आणि लोखंड गंजू लागते.

लोह्यात कोणाच्या घरी पोहण्याचा तलाव असण्याची शक्यता कमी. पण न्हाणीघराच्या कोपऱ्यातील सिमेंटचा हौद त्याच शास्त्राला बांधलेला आहे. एक मीटर रुंद, सव्वा मीटर लांब व एक मीटर खोल हौदात साडेबाराशे लीटर पाणी मावते आणि सव्वा चौरस मीटर पृष्ठभाग हवेला उघडा राहतो. तलावाला निदान रात्रीचे आच्छादन असते. आपला हौद अहोरात्र उघडा.

पाण्याचे बाष्पीभवन मुख्यतः चार गोष्टींवर अवलंबून असते: उघड्या पृष्ठभागाचे क्षेत्र, पाण्याचे तापमान, भोवतालच्या हवेचा कोरडेपणा आणि पृष्ठभागावरून वाहणारा वारा. हौद किती खोल आहे याला येथे महत्त्व नाही. म्हणूनच पसरट हौदापेक्षा तेवढेच पाणी मावणारी अरुंद तोंडाची टाकी घराला कमी ओलावा देते. जुन्या रांजणाचे तोंड लहान असे व त्यावर झाकण असे. त्यामागे हा विचार होता की केवळ स्वच्छतेचा, हे सांगता येत नाही. परिणाम मात्र दोन्ही दृष्टींनी चांगला होई.

किती पाणी हवेत जाते हे मोजण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. रात्री हौदाच्या आतील भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने रेघ मारावी आणि पाण्याला हात न लावता दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पातळी पाहावी. हौद गळका नसेल तर एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक मिलिमीटर पातळी उतरणे म्हणजे बरोबर एक लीटर पाणी हवेत जाणे होय. वर सांगितलेल्या हौदाची पातळी दिवसात दोन मिलिमीटर उतरली, तर अडीच लीटर पाणी घराच्या हवेने घेतले.

अडीच लीटर हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण हवेची धारणशक्ती लक्षात घेतली म्हणजे तो तसा राहत नाही. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. म्हणजे या संपूर्ण खोलीतील हवा काठोकाठ भरली तरी तिच्यात पाऊण लीटरच्या थोडे वर पाणी मावेल. हौद दिवसाकाठी तिच्या तिप्पट पाणी देतो. हवा खेळती असेल तर ते बाहेर निघून जाते. दारेखिडक्या बंद असतील तर ते जाणार कोठे? जेथे पृष्ठभाग थंड असेल तेथे ते पुन्हा पाणी होऊन बसते.

हवा थंड झाली की तिची धारणशक्ती झपाट्याने घटते. १५ अंशांना तीच हवा घनमीटरमागे सुमारे १३ ग्रॅम बाष्प धरू शकते. माळेगावची खंडोबाची यात्रा भरते त्या मार्गशीर्षातील थंडीत पहाटे भिंती व स्लॅब गार पडलेले असतात. त्याच वेळी न्हाणीघरात कढत पाण्याची अंघोळ चालते. वाफेने भरलेली हवा गार छताला टेकते आणि थेंब धरतात. ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात, हे शाळेत शिकविले जाते. शेतातील दव आणि न्हाणीघराच्या छतावरील थेंब ही एकाच नियमाची दोन रूपे आहेत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

माळवद गेले, स्लॅब आला

पूर्वीच्या माळवदाच्या घराची रचना या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळयांवर मातीचे छत, मध्ये झरोका. न्हाणी बहुधा परसात किंवा अंगणाच्या कडेला, पुष्कळदा वरून उघडी. पाणी तापविण्याचे चुलाणे किंवा बंब बाहेरच. अंघोळीची वाफ उगमापासूनच आकाशात जाई. राहत्या खोलीशी तिचा संबंध येत नसे. मातीच्या भिंती थोडा ओलावा शोषून घेत आणि हवा कोरडी होताच परत सोडीत. दक्षिणेतील राजवाड्यांतून आणि किल्ल्यांतून बांधलेले हमामखानेही याच तत्त्वाचे. दौलताबादच्या किल्ल्यात असा शाही हमाम आजही पाहता येतो. अशा वास्तूंत चुन्याचा गिलावा असे आणि घुमटाच्या माथ्याजवळ उजेड व वाफ यांसाठी झरोके ठेवीत. नांदेड जिल्ह्यातच किनवट तालुक्यात उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत. गरम पाण्याचे स्नान या भूमीला नवे नाही. गरम पाणी माजघराच्या भिंतीला खेटून आले, हे नवे आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जड भिंती व माळवदाचे ओझे हे त्या प्राणहानीचे एक मोठे कारण ठरले. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाविषयी भीती बसली व सिमेंट-काँक्रीटच्या घरांकडे ओढा वाढला, हे योग्यच झाले. माळवदाकडे परत जा असे सांगणे म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळणे होईल. परंतु भिंत बदलली, छत बदलले, न्हाणी घरात आली, आणि हवा बाहेर जाण्याच्या वाटा मात्र तेवढ्या विचाराने ठेवल्या गेल्या नाहीत. सिमेंटचा गिलावा चुन्या-मातीइतका ओलावा घेत-सोडत नाही. त्यावर तेलरंग दिला की उरलीसुरली वाटही बंद होते, आणि आतला ओलावा रंगाला फुगवून बाहेर येतो. फुगवटा आला की पुन्हा तेलरंग देण्याची रीत सर्रास आढळते. ती जखम न धुता वर पट्टी बांधण्यासारखी आहे.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलेले आहे. एवढ्या लहान घरात स्वयंपाक, झोपणे, पाण्याचा साठा आणि धान्याचा साठा हे सर्व जवळजवळ येते. त्यात ओलावा देणाऱ्या इतर गोष्टींचीही भर पडते. एक किलोग्रॅम स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे दीड किलोग्रॅम पाणी बाष्परूपाने हवेत येते, म्हणजे १४.२ किलोग्रॅमच्या एका सिलिंडरमागे वीस लीटरहून अधिक. हा आकडा ऐकून पुष्कळांना नवल वाटेल, पण तो रसायनशास्त्राचा साधा हिशेब आहे. पावसाळ्यात घरात दोरीवर वाळत घातलेले बादलीभर धुणे आणखी दोन-तीन लीटर देते. झोपलेली माणसे श्वासातून व घामातून रात्रभर ओलावा सोडीत असतातच.

ओल कोठून येते, हे आधी ठरवावे

ओल दिसली की छत गळते, असा निष्कर्ष काढून गच्चीवर डांबर ओतण्याची घाई केली जाते. वस्तुतः ओल तीन वाटांनी येते. पावसाचे किंवा नळाचे पाणी झिरपून. जमिनीतून जोत्यावाटे वर चढून. आणि हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर साचून. जमिनीतून चढलेली ओल बहुधा खालच्या दोन-तीन फुटांत दिसते आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो. काळ्या जमिनीत जोत्याला तडे जाण्याचा संभव असल्याने आपल्याकडे तिचे प्रमाण दुर्लक्षिण्यासारखे नाही. झिरपलेल्या ओलीचा डाग पावसाबरोबर किंवा नळाबरोबर वाढतो. बाष्पाची ओल मात्र छताच्या कोपऱ्यात, कपाटामागे, पोत्यांच्या थप्पीमागे, म्हणजे हवा न खेळणाऱ्या जागी बसते आणि तेथे बुरशी धरते.

शंका असल्यास एक सोपी परीक्षा आहे. भिंतीचा भाग फडक्याने कोरडा करून त्यावर फूटभर लांबी-रुंदीचा पॉलिथीनचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा. एक-दोन दिवसांनी थेंब तुकड्याच्या खोलीकडील बाजूस दिसले तर ओल हवेतील आहे; भिंतीकडील बाजूस दिसले तर ती भिंतीतून येत आहे. दहा रुपयांच्या या परीक्षेने हजारो रुपयांची चुकीची दुरुस्ती टळू शकते.

उपाय उगमापाशी

सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे हौदाला झाकण. ते घट्ट बसणारे असावे. पत्र्याचे असेल तर आतून गंज धरते, म्हणून प्लॅस्टिकचे किंवा फायबरचे बरे. झाकणाने बाष्पीभवन जवळजवळ थांबते, मोलाचे पाणी वाचते, आणि तिसरा लाभ आरोग्याचा. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ ते दहा दिवसांत त्यातून नवा डास बाहेर पडतो. आठवड्यातून एक दिवस हौद रिकामा करून, आतील भिंती घासून कोरड्या ठेवण्याचा जो ‘कोरडा दिवस’ आरोग्य कर्मचारी सांगतात, तो याच कारणासाठी. टंचाईच्या दिवसांत हौद दर आठवड्यास रिकामा करणे जड जाते, ही अडचण खरी आहे. तेथे निदान झाकणाची फट बुजविणे व पाणी कापडाने गाळून घेणे, एवढे तरी व्हावे.

न्हाणीघराच्या बाबतीत दार व खिडकी यांचा क्रम महत्त्वाचा आहे. अंघोळ चालू असता व नंतर काही वेळ राहत्या खोलीकडील दार बंद आणि बाहेरील झडप उघडी हवी. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते: थंडी वाजते म्हणून झडप बंद, आणि अंघोळ होताच दार सताड उघडे. मग सारी वाफ माजघरात. गरम दमट हवा वर चढते, म्हणून झडप छताजवळ असावी, आणि दाराखाली इंचभर फट असावी, म्हणजे खालून कोरडी हवा येऊन वरून वाफ निघते. हवा बाहेर फेकणारा पंखा बसविला असल्यास तो अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा आणि त्याचे तोंड घराबाहेर असावे. व्हरांड्यात किंवा जिन्यात नव्हे. फरशी पुसणे हाही ओल काढण्याचाच मार्ग आहे. तीन चौरस मीटर फरशीवर पाव मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर राहिला तर ते पाऊण लीटर पाणी होते. रबरी पट्टीने ते मोरीत ढकलले की तेवढे हवेत जाण्याचे वाचले.

पावसाळ्यात मात्र नियम थोडा बदलतो. बाहेरचीच हवा ओलीने जड झालेली असताना दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून घर कोरडे होत नाही. उघडीप पडेल, ऊन येईल, त्या वेळी दारेखिडक्या समोरासमोर उघडून हवा खेळू द्यावी. कपाटे व थप्प्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवल्यास भिंत कोंदत नाही.

दमट घरांचा श्वसनाच्या विकारांशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट नोंदविला आहे. दमट व बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना दमा व श्वसनाच्या तक्रारींचा धोका अधिक असतो. बांधकामाच्या अंगाने पाहता, ओलीने सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, आणि स्लॅबचे तुकडे खाली पडू लागतात. न्हाणीघराचा स्लॅब इतर स्लॅबच्या आधी का झडतो, याचे कारण येथे आहे.

कूलर आणि बियाणे

उन्हाळ्यातील कूलर हा या विषयाचा वेगळा भाग आहे, आणि लोह्यासारख्या ठिकाणी त्याचे महत्त्व हौदापेक्षा कमी नाही. कूलर हवेतील उष्णता पाण्याच्या बाष्पीभवनात खर्च करून हवा गार करतो. बाहेरची हवा जितकी कोरडी, तितका गारवा अधिक. म्हणून मे महिन्यात तो मराठवाड्याला वरदान आणि मृगाचा पाऊस सुरू होताच निरुपयोगी. कूलरमधून बाहेर पडणाऱ्या हवेची आर्द्रता पुष्कळदा ऐंशी टक्क्यांच्या आसपास असते. कूलर खिडकीबाहेर बसवून समोरची खिडकी उघडी ठेवली तर ही दमट हवा खोलीतून वाहून जाते. परंतु गारवा बाहेर जाईल या समजुतीने कूलर खोलीतच ठेवून दारेखिडक्या बंद केल्या, तर तीच हवा पुन्हापुन्हा ओली होते, अंग चिकट होते, गारवाही राहत नाही. पाऊस सुरू झाल्यावर कूलरचा पाण्याचा पंप बंद करून केवळ पंखा चालवावा आणि टाकी कोरडी करून ठेवावी.

या सर्वांचा शेतकऱ्याच्या घरातील सर्वांत मोठा तोटा सोयाबीनच्या बियाण्यात दिसतो. ऑक्टोबरात काढलेले सोयाबीन घरचे बियाणे म्हणून जूनपर्यंत राखले जाते. सोयाबीनच्या दाण्याचे साल नाजूक असते व उगवणशक्ती लवकर जाते. म्हणूनच बियाण्यातील ओलावा बारा टक्क्यांहून अधिक नसावा असा दंडक आहे. आता विचार करण्याची गोष्ट अशी की ऑक्टोबर ते मे हे महिने या भागात मुळातच कोरडे आहेत. बाहेरच्या हवेने बियाणे बिघडावे असा हा काळ नव्हे. या काळात पोत्यातील बियाणे दमट झाले, तर ओलावा घरातूनच आला, हे उघड आहे: न्हाणीघराला लागून असलेली भिंत, खोलीतला उघडा हौद, किंवा थंडाव्यात बियाणे टिकेल या समजुतीने ठेवलेल्या खोलीतील कूलर. बियाण्याला थंडावा मानवतो हे खरे, पण तो कोरडा थंडावा. दमट थंडाव्यापेक्षा कोरडी, सावलीची, हवा खेळती असलेली खोली कितीतरी बरी.

पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, आणि उंच थप्पी न लावता ठेवावीत. उंच थप्पीत खालच्या पोत्यातील दाणे दबून साल फुटते. प्लॅस्टिकच्या हवाबंद पोत्यापेक्षा बारदान बरे, परंतु बारदान ओल पटकन घेते. म्हणून जागेची निवड हाच खरा उपाय. न्हाणीघर, स्वयंपाकाचा ओटा व हौद यांच्या भिंती सोडून राहिलेली भिंत कोणती, हे प्रत्येक घरात एकदा पाहून ठेवावे.

घर बांधण्याच्या वेळीच हे पाहिले तर नंतरचे कष्ट वाचतात. घरकुलाचा आराखडा मंजूर करताना किंवा जोत्याची पाहणी करताना ग्रामपंचायतीने व अभियंत्याने चार गोष्टींकडे लक्ष द्यावे: न्हाणीघर शक्यतो बाहेरच्या भिंतीला असावे, त्याला छताजवळ झडप असावी, जोत्यावर ओल रोखणारा थर घातलेला असावा, आणि पाण्याची टाकी राहत्या खोलीत न येता बाहेर किंवा न्हाणीघराच्या बाहेरील अंगास असावी. यांपैकी जोत्याचा थर सोडला तर कशालाही विशेष खर्च नाही. आणि तो थर घर उभे राहिल्यावर घालणे अतिशय कठीण व खर्चाचे असते, म्हणून त्याची पाहणी वेळीच व्हायला हवी.

शाळांतून हा विषय सहज शिकविता येईल. स्टीलच्या पेल्यात माठाचे गार पाणी भरून तो स्वयंपाकघरात, वर्गात आणि अंगणात ठेवावा व बाहेरून थेंब कोठे आधी धरतात ते मुलांनी पाहावे. हौदावरील पेन्सिलीची रेघ हा गणिताचा गृहपाठ होऊ शकतो: एक दिवस झाकण लावून, एक दिवस झाकण काढून. आणि मे महिन्याच्या अखेरीस घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या बारदानात ओळीने गुंडाळून सावलीत ठेवावेत, बारदान ओलसर राखावे, आणि सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक आले तर बियाणे पेरणीयोग्य. त्याहून कमी आले तर पेरणीत बियाण्याचे प्रमाण वाढवावे, फारच कमी आले तर बियाणे बदलावे. आणि ते पोते वर्षभर कोणत्या भिंतीशी होते, हे त्याच दिवशी जाऊन पाहावे.